कारागीर, गिऱ्हाईक आणि पत्राचा मायना

घरांत सुतारकाम निघालें, भिंतींना रंग द्यावयाचा ठरला किंवा न्हाणीघरांतील नळ भिंतीच्या आंत फुटला, म्हणजे शहरांतील सुशिक्षित कुटुंबावर एक प्रसंग येतो. ज्याचें कौशल्य घरांतील कोणाजवळ नाहीं आणि ज्यावांचून घर तर चालत नाहीं, अशा एका परक्या माणसाशीं बोलणें करावें लागतें. हें बोलणें पूर्वीं दारांत उभें राहून होई. मग तें टेलिफोनवर होऊं लागलें. आतां त्याचा बराच भाग लेखी होतो. चुटपुटत्या निरोपाला व्हॉट्सअॅप पुरतें. पण जेथें रकमेचा आणि मुदतीचा प्रश्न येतो तेथें दोन्ही पक्ष ई-मेलकडे वळतात, कारण तो तारखेनिशीं जपून राहतो. मोजमापें ई-मेलनें जातात, अंदाजपत्रक ई-मेलनें येतें. बिलाची मागणी, उशिराची सबब, कामांतील दोषाची तक्रार, हें सारें त्याच वाटेनें जातें. म्हणून कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्या पत्रव्यवहारांत सभ्यता कशास म्हणावें, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराच्या पुस्तकापुरता उरलेला नाहीं. त्यावर कोणाची तरी मजुरी आणि कोणाचें तरी घर अवलंबून असतें.

पत्रांतील सभ्यता मराठी भाषेला नवी नाहीं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या १० वर्गांत एक लेखनवर्ग आहे आणि एक पण्यवर्ग आहे. म्हणजे लिहिण्याची परिभाषा आणि बाजाराची परिभाषा या दोन्ही राज्यकारभाराला सारख्याच आवश्यक मानल्या गेल्या होत्या. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजेश्री' या भारदस्त मायन्याचीं पुढें 'रा. रा.' हीं दोन अक्षरें उरलीं, आणि 'सप्रेम नमस्कार विनंति विशेष' याचीं 'स. न. वि. वि.' हीं चार. हा मायना म्हणजे रिकामा अलंकार नव्हे. पत्र लिहिणारा आपल्याला कोणत्या नात्यानें ओळखतो, हें वाचणाऱ्याला पहिल्या ओळींतच कळत असे. शेवटीं 'लेखनसीमा' आली कीं मागाहून कोणाला त्यांत ओळ घुसडतां येत नसे. सावकारी हुंडींत तर नमस्कार आणि हिशेब एकाच कागदावर हातांत हात घालून येत. शंभर रुपयांची हुंडी असेल तर रुपये शंभर, त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट, अशी ती रक्कम फिरवून लिहीत; कारण आदरानें लिहिलेल्या पत्रांत रकमेविषयीं संशय राहणें हा त्या आदरालाच उणेपणा होता. जुन्या पेढीवरील कारकुनाला सौजन्य आणि स्पष्टपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असें कधीं वाटलें नसेल.

परंतु हा सारा मायना वरिष्ठांसाठीं किंवा बरोबरीच्यांसाठीं होता. सुताराला कोणी पत्र लिहीत नसे. गांवगाड्यांत सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. सुतारानें वर्षभर औतांची दुरुस्ती करावी आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वांटा घ्यावा, असा तो पिढीजात आणि तोंडी करार होता. काम सांगावयाचें तें हाक मारून, आणि तेंही एकेरींत. 'अरे' आणि 'अहो' या दोन संबोधनांत मराठी समाजाची सारी उतरंड सामावलेली आहे. शाळामास्तराला 'अहो' आणि त्याच वयाच्या गवंड्याला 'अरे' म्हणणाऱ्या माणसाला त्यांत कांहीं वावगें वाटत नसे. दुसऱ्या बाजूनें अविश्वासही तितकाच जुना आहे. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण ज्या भाषेंत रुजली, त्या भाषेंत कारागिराच्या शब्दाविषयींचा संशय निराळा सांगावा लागत नाहीं.

शहरानें हा संबंध बदलला. बलुत्याच्या जागीं बिल आलें. मुंबई-पुण्यांत घरीं येणारा सुतार राजस्थानांतून आलेला असेल, रंगारी उत्तर प्रदेशांतून आलेला असेल, वायरिंग करणारा कोंकणांतील असेल. त्याच्या पाठीशीं गांवगाडा नाहीं आणि गिऱ्हाइकालाही त्याचें घराणें ठाऊक नाहीं. दोघांच्या मध्यें जामीन राहील असें एकच उरतें, तें म्हणजे लिहिलेला शब्द. आणि येथें ई-मेलनें नकळत एक मोठी गोष्ट घडवून आणली आहे. बोलतांना ज्याच्या तोंडीं एकेरी सहज येतें, तोही लिहावयास बसला कीं अडखळतो आणि 'तुम्ही' लिहितो. ज्या कारागिराच्या सात पिढ्यांना कोणीं पत्र धाडलें नाहीं, त्याच्या नांवानें आतां रोज पत्रें येतात. त्यांचा मायना काय असावा, हें मात्र अजून नीटसें ठरलेलें नाहीं.

ई-मेलचा जन्म अर्थातच या कामासाठीं झालेला नाहीं. १९७१ मध्यें अमेरिकेंतील केंब्रिज येथें रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें शेजारींशेजारीं ठेवलेल्या दोन संगणकांमध्यें, जाळ्यामार्फत, पहिला निरोप धाडला. माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव वेगळें दाखविण्यासाठीं त्यानें 'अॅट' हें व्यापारी चिन्ह निवडलें. तें चिन्ह मूळचें दर दाखविण्याचें, म्हणजे अमुक नग अमुक भावानें असें लिहिण्याचें. बाजारांतील हें चिन्ह पत्त्यांत जाऊन बसलें आणि पुन्हा बाजाराच्याच उपयोगी पडलें. पुढें १९९५ च्या ऑक्टोबरांत सॅली हॅम्ब्रिज यांनीं सिद्ध केलेली शिष्टाचाराची एक नियमावली प्रसिद्ध झाली. सगळा मजकूर इंग्रजीच्या मोठ्या लिपींत लिहिणें म्हणजे ओरडणें होय. रागाचें उत्तर एक रात्र ठेवून मग धाडावें. पलीकडे माणूस आहे आणि त्याची भाषा व विनोद निराळे असूं शकतील हें विसरूं नये. स्वतः लिहितांना काटेकोर असावें आणि दुसऱ्याचें वाचतांना उदार असावें, असे साधे नियम तींत आहेत. त्यांतच एक मार्मिक गोष्ट सांगितलेली आहे. टपालाच्या पत्राचें तिकीट धाडणारा लावतो. ई-मेलचा खर्च मात्र धाडणारा आणि घेणारा दोघांवर जवळजवळ सारखाच पडतो. त्या काळीं हा हिशेब यंत्राच्या आणि तारेच्या भाड्याचा होता. आज तो वेळेचा आहे. शिडीवर उभा असलेला रंगारी खिशांतला फोन काढून तीन ओळींचें पत्र वाचतो, तेव्हां त्या पत्राचें तिकीट तोच भरीत असतो.

लेखी बोलण्याचा दुसरा धोका स्वराचा आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांचे सहकारी यांनीं २००५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत विद्यार्थ्यांना कांहीं वाक्यें गंभीरपणें व कांहीं उपरोधानें कळविण्यास सांगितलें होतें, कांहीं ई-मेलनें आणि कांहीं आवाजानें. आपला सूर पलीकडे बिनचूक पोंचेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षांत आवाज ऐकणाऱ्यांनीं बहुतेक वेळां तो बरोबर ओळखला. ई-मेल वाचणाऱ्यांचें उत्तर मात्र नाणें उडवून यावें त्याहून थोडेंच बरें ठरलें. लिहिणारा मनांतल्या मनांत स्वतःचा आवाज ऐकत असतो आणि तोच कागदावर उतरला असें समजतो. 'काम झालें का?' हीं तीनच अक्षरसमूहांची ओळ घ्यावी. चौकशी, घाई, संशय आणि धमकी हे चारही सूर तींत सारख्याच सोयीनें बसतात. दारांत उभें राहून हाच प्रश्न विचारला असतां चेहरा, हंसणें आणि 'अहो' यांनीं त्याचा अर्थ ठरला असता. पत्रांत तो अर्थ शब्दांनींच ठरवावा लागतो, आणि त्यासाठीं एक वाक्य अधिक लिहावें लागतें: 'शनिवारीं पाहुणे येणार आहेत, म्हणून विचारीत आहें, काम कोठवर आलें?' या अधिक वाक्याचेंच नांव सौजन्य.

ह्यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येते. कामाच्या पत्रांतील सभ्यता गोड विशेषणांनीं मोजतां येत नाहीं. दुसऱ्याला किती गोष्टींचा तर्क करावा लागला आणि किती दिवस ताटकळावें लागलें, यावरून ती मोजावी.

पहिल्या चौकशीपासूनच हें माप लावून पाहतां येईल. 'किचन ट्रॉलीचा रेट सांगा. अर्जंट.' असें एक पत्र जातें. त्यांत अपशब्द एकही नाहीं. तरी तें उद्धट आहे, कारण त्याचें उत्तर देतां येत नाहीं. ओटा किती फूट, ट्रॉली स्टीलची कीं लांकडाची, घर कोणत्या मजल्यावर, हें सारें कारागिरानें विचारीत बसावें. तेंच पत्र असें लिहितां येतें: 'नमस्कार. स्वयंपाकघरांत ओट्याखालीं स्टीलच्या ट्रॉली बसवावयाच्या आहेत. ओटा ९ फूट लांब व २ फूट रुंद आहे. फोटो जोडले आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट आहे. दुपारीं २ ते ४ या वेळांत सोसायटींत ठोकाठोक करूं देत नाहींत. आणखी दोन ठिकाणांहून दर मागविले आहेत. निर्णय २० तारखेपर्यंत कळवूं. जागा पाहावयास येण्याचा आकार असल्यास तोही कळवावा.' ह्या पत्रांत विनवणी कोठेंच नाहीं. पण त्याच्या प्रत्येक वाक्यानें कारागिराची एकेक खेप वांचविली आहे. आणखी दोघांकडून दर मागविले आहेत, हें उघड सांगण्यांत कांहींजणांना संकोच वाटतो. वास्तविक तेंच सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. त्यामुळें स्वतःची संध्याकाळ या अंदाजपत्रकावर घालवावी कीं नाहीं, हें कारागिराला स्वतः ठरवितां येतें.

कारण अंदाजपत्रक म्हणजे फुकटचा कागद नव्हे. दिवसभराचें काम आटोपून आलेला माणूस रात्रीं मापें मांडतो, प्लायवुडच्या आणि बिजागऱ्यांच्या भावाची विचारपूस करतो, मजुरीचे दिवस मोजतो आणि मग एक आंकडा लिहितो. तो आंकडा गिऱ्हाइकाला परवडत नाहीं, असें पुष्कळदां होतें. त्यांत गैर कांहींच नाहीं. गैर होतें तें पुढें. सुशिक्षित घरांत 'नाहीं' म्हणण्याची भीड वाटते, म्हणून उत्तरच धाडलें जात नाहीं. गप्प राहिल्यानें समोरच्याचें मन दुखावणार नाहीं, असा एक समज असतो. पण कारागिरानें त्या कामासाठीं पुढच्या आठवड्याचे चार दिवस राखून ठेवलेले असतात. त्या आशेवर त्यानें दुसऱ्या कोणाला 'पुढच्या महिन्यांत पाहूं' असें सांगितलेलें असतें. गिऱ्हाइकाच्या नाजूक मौनाची किंमत तो चार दिवसांच्या रिकाम्या हातांनीं देतो. 'भीड भिकेची बहीण' असें जुनीं माणसें म्हणत. येथें भीड एकाची आणि भीक दुसऱ्याच्या वांट्याला, असा प्रकार होतो. 'अंदाजपत्रक मिळालें. त्यासाठीं वेळ दिलात, आभारी आहोंत. या वेळीं काम दुसरीकडे देण्याचें ठरलें आहे.' एवढ्या तीन ओळी लिहावयास दोन मिनिटें लागतात. साऱ्या पत्रव्यवहारांत सर्वांत कमी लिहिलें जाणारें आणि सर्वांत अधिक उपकारक असें हें नकाराचें पत्र आहे.

कारागिराच्या बाजूलाही कर्तव्य आहे आणि तें लहान नाहीं. 'उद्यां येतों' हें वाक्य मराठी घरांत विनोदाचा विषय होऊन बसलें आहे. त्यामागें लबाडी असतेच असें नाहीं. पहिल्या घरचें काम लांबतें, लांकूड वेळेवर येत नाहीं, हाताखालचा मुलगा आजारी पडतो. आणि गिऱ्हाईक रागावेल या भीतीनें 'उद्यां' हा शब्द तोंडून निघून जातो. हीही एक भीडच. पण त्या 'उद्यां'च्या भरंवशावर घरांतील एका माणसानें कचेरींतून रजा घेतलेली असते. उशीर होणार हें ज्या घटकेला कळलें त्याच घटकेला तें कळविणें, आणि कारणापेक्षां नवी तारीख आधीं लिहिणें, ही कारागिराच्या पत्राची पहिली सभ्यता होय. दुसरी सभ्यता अंदाजपत्रकांतली. दरांत काय धरलें आहे हें सर्वजण लिहितात. काय धरलेलें नाहीं हें लिहिणारा विरळा. जुनें फर्निचर काढून नेणें, भिंतीला पडलेलीं भोंकें बुजविणें, जी. एस. टी., मालाची वाहतूक, यांपैकीं जें दरांत नसेल तें आरंभींच लिहिलें तर शेवटच्या दिवसाचें भांडण जन्मालाच येत नाहीं. विसार किती, उरलेली रक्कम कोणत्या टप्प्यावर किती, हेंही त्याच पत्रांत असावें. येथें पुन्हा त्या जुन्या हुंडीची आठवण व्हावी.

मग भाषेचा प्रश्न येतो. कारागिराचें पत्र पुष्कळदां मोडक्या इंग्रजींत येतें, कधीं हिंदींत, कधीं रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठींत. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो, विरामचिन्हें नसतात. सुशिक्षित वाचक तेवढ्यावरून माणसाचें आणि त्याच्या कामाचेंही मोल ठरवून टाकतो. हा अन्याय आहे. ज्याच्या हातांत करवत आहे त्याच्या वेलांटीवरून त्याच्या काटकोनाची परीक्षा होत नाहीं. अशा पत्राला शुद्ध पण सोप्या वाक्यांत, त्यानें ज्या भाषेंत लिहिलें त्याच भाषेंत उत्तर द्यावें. त्याच्या मजकुराचा जो अर्थ लागला तो एकदां आंकड्यांसह परत लिहून 'हें बरोबर आहे ना?' असें विचारावें. यांत त्याची चूक दाखविल्यासारखें होत नाहीं आणि दोघांचीही समजूत पक्की होते.

सभ्यतेची खरी कसोटी तक्रारीच्या पत्रांत लागते. कपाटाचें दार नीट मिटत नाहीं, रंगाला पोपडे आले, नव्या जोडणीचा नळ आठ दिवसांत गळूं लागला. राग येणें स्वाभाविक आहे. रागांत लिहिलेल्या मराठी पत्रांत दोन शब्द हमखास येतात: 'तुम्ही लोक'. 'तुम्ही लोक असेच', 'तुम्ही लोकांना पैसे तेवढे कळतात'. ज्या क्षणीं 'तुम्ही'पुढें 'लोक' लागलें, त्या क्षणीं बिघडलेल्या दाराची तक्रार मागें पडली आणि एका माणसाच्या जागीं एक अख्खी जमात उभी राहिली. ई-मेलनें जो आदरार्थी मायना मिळवून दिला, तो या एका शब्दानें गमावला जातो. तक्रारींत दोष कोठें आहे, केव्हां दिसला आणि काय करून हवें आहे, या तीन गोष्टी असाव्यात, आणि सोबत फोटो असावा. 'डाव्या बाजूचें दार खालीं घासतें. मंगळवारपासून असें होत आहे. येत्या रविवारपर्यंत येऊन बिजागरी बदलावी' हें पत्र वाचून चांगला कारागीर वरमतो. 'तुम्ही लोक' वाचून चांगलाही कारागीर फोन बंद करतो.

तक्रारीच्या पत्राची प्रत चार जणांना धाडण्याची एक रीत आहे. टंकलेखन यंत्रांत कार्बनचा काळा कागद घालून प्रत काढीत, त्यावरून ई-मेलच्या त्या जागेला अजूनही 'सी. सी.' म्हणतात. कार्बनची प्रत काढावयास कागद लागे, म्हणून ती जरूरीपुरतीच निघे. आतां सोसायटीचा चिटणीस, मेहुणा आणि ज्यानें कारागिराचें नांव सुचविलें तो मित्र, या सर्वांच्या देखत पहिल्याच पत्रांत दोष काढला जातो. खाजगींत सांगितल्यानें जें काम होतें तें चारचौघांत लाज काढून होत नाहीं. पहिली तक्रार एकट्याला लिहावी. तिचें उत्तर न आल्यास पुढची वाट मोकळी असतेच.

पैशाच्या मागणीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें शब्द जड होतात ते कारागिराचे. केलेल्या कामाचे पैसे मागतांना त्याला उधार मागितल्यासारखें वाटतें, आणि 'साहेब, जमलें तर बघा' असें कांहींतरी लिहून तो थांबतो. गिऱ्हाइकालाही तें वाचून जमलें नाहीं तरी चालेल असें वाटतें. पण नम्रता आणि हक्क यांत विरोध नाहीं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयींच्या कायद्यानें सूक्ष्म व लघु उद्योगाचें देणें ठरलेल्या मुदतींत द्यावें, आणि ती मुदत लेखी ठरविली तरी ४५ दिवसांहून अधिक नसावी, असें घातलें आहे. मुदत टळल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ पद्धतीचें व्याज सांगितलें आहे. म्हणून 'दि. ५ चें ३२,४०० रुपयांचें बिल सोबत पुन्हा जोडलें आहे. ठरल्याप्रमाणें त्याची मुदत काल संपली. रक्कम कोणत्या तारखेस जमा होईल तें कळवावें,' असें लिहिण्यांत उद्धटपणा नाहीं. कामांत दोष राहिला असेल तर गिऱ्हाइकानें तो त्याच दिवशीं लिहावा. पैसे अडकवून ठेवून मग दोष शोधूं नये.

असल्या साध्या पत्राला बळ नसतें, असें कोणी समजूं नये. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यानें इलेक्ट्रॉनिक लेखाला मान्यता दिली. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांत अॅल्युमिनियम यांच्यामधील वादांत २००७ मध्यें ५ जहाजें बॉक्साइटचा व्यवहार ई-मेलनेंच ठरला होता. रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. २०१० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, मुख्य अटी ई-मेलमधून ठरून मान्य झाल्या असल्यामुळें करार पुरा झाला होता. जहाजाच्या मालाला जो न्याय तोच तत्त्वतः कपाटालाही. 'ठीक आहे, सुरू करा' ही ओळ घाईंत लिहिणाऱ्यानें आणि 'इतक्यांत होऊन जाईल' हें सहज लिहिणाऱ्यानें, दोघांनींही आपण लेखनसीमेच्या आंत आहोंत हें ध्यानांत ठेवावें.

याच्या दुसऱ्या टोंकाला पोकळ अतिनम्रता आहे. इंग्रजी अमदानींतील कचेऱ्यांनीं 'आपला अत्यंत आज्ञाधारक' अशी सही करावयास शिकविलें. सरकारी मराठीनें 'योग्य ती कार्यवाही व्हावी' ही ओळ दिली. आज्ञाधारक कोण आणि कार्यवाही कोणती, हें दोन्हींत अध्याहृत. कारागीर कोणाचा आज्ञाधारक नाहीं; तो आपलें कसब मोबदल्यावर देतो. 'आपला नम्र' एवढें लिहून खालीं नांव, धंदा आणि फोनचा क्रमांक दिला कीं पुरे. तसेंच गिऱ्हाइकानें पत्रारंभीं 'डियर सर' लिहून ओशाळें होण्याचें कारण नाहीं, किंवा मायनाच गाळून थेट हुकमावर येण्याचेंही नाहीं. 'नमस्कार' हा शब्द दोघांनाही मोकळा आहे. तीर्थरूप, चिरंजीव, राजमान्य यांपैकीं कोणताही मायना सुताराला लागू पडत नव्हता. नमस्कार लागू पडतो, आणि त्याच अक्षरांनीं तो परतही येतो. त्याच्यापुढें नांव आणि नांवापुढें 'जी' किंवा 'राव' किंवा 'ताई', जें त्या माणसाला स्वतःला रुचेल तें लिहावें.

पत्रव्यवहार शेवटीं बिल चुकतें झाल्यावर थांबतो, आणि बहुतेक घरीं तो तेथेंच कायमचा थांबतो. त्यानंतरही एक पत्र लिहितां येण्याजोगें असतें. पावसाळ्याचा एक महिना गेला, लांकूड फुगलें नाहीं, दार पूर्वीसारखेंच मिटतें आहे, एवढेंच त्यांत असावें. त्या पत्रांत मागणी नाहीं, तक्रार नाहीं आणि देणेंघेणेंही उरलेलें नाहीं. कारागीर तें जपून ठेवतो आणि पुढच्या घरीं अंदाजपत्रकासोबत जोडतो. त्याच्या ओळखीचा माणूस त्या घरांत कोणी नसतो. त्याच्यातर्फें तें पत्रच तेथें बोलतें.